मत देणारी आणि मत मागणारी

नगरपालिकेची निवडणूक जवळ आली की गावाची चर्या काही दिवस पार पालटून जाते. चौकाचौकांतून उमेदवारांची नावे झळकू लागतात, कचेरीच्या भिंतीवर मतदारांच्या याद्या लागतात, आणि एरवी ज्यांच्या प्रकृतीची विचारपूस घरचेही करीत नाहीत अशा वृद्धांस मतदानाच्या जागी पोहोचविण्यासाठी भल्या सकाळी दारात वाहने येऊन उभी राहतात. अध्यापनाच्या व्यवसायामुळे अशा दिवशी मतदान केंद्रावर बसण्याचे काम आमच्याही वाट्यास अनेकदा आले आहे. ते काम कंटाळवाणे खरे. परंतु यादीतील नावावर खूण करणे, बोटास शाई लावणे, मोहोर तपासून पाहणे, ह्या बारीकसारीक क्रियांमागे किती वर्षांची भांडणे साठलेली आहेत हे ज्यास ठाऊक आहे त्यास त्या क्षुल्लक वाटत नाहीत.

अशाच एका निवडणुकीच्या सुमारास आम्ही वर्गात एक साधा प्रश्न विचारला. ज्या व्यक्तीस मत देण्याचा हक्क आहे तिला उमेदवार म्हणून उभे राहण्याचाही हक्क आपोआप मिळतो की नाही? वयाची एखादी अट सोडली तर मिळतोच, असे साऱ्या वर्गाने एकमुखाने सांगितले. असे कोणास वाटले तर त्यात नवल नाही. परंतु इतिहासाचे उत्तर निराळे आहे. मत देणे आणि मत मागणे हे दोन हक्क जुळ्या भावंडांसारखे दिसत असले, तरी त्यांचा जन्म एका दिवशी झालेला नाही. आणि एकाने दुसऱ्याच्या वाटेत उभे राहावे असाही प्रकार घडला आहे. लंडन शहराच्या १८८९ सालच्या निवडणुकीत तो घडला. त्याची हकीकत येथे सांगण्याचे योजिले आहे.

त्या काळचे लंडन म्हणजे चाळीस लाखांच्या घरात वस्ती असलेले, जगातील अग्रगण्य शहर. परंतु साऱ्या शहराचा सर्वसाधारण कारभार पाहणारी, लोकांनी थेट निवडलेली सभा तेथे नव्हती. १८५५ च्या कायद्याने स्थापन झालेले मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स रस्ते व गटारे ह्यांचा कारभार पाही. परंतु त्याचे सभासद करदाते निवडीत नसत, निरनिराळ्या वस्त्यांच्या लहान स्थानिक मंडळांकडून ते पाठविले जात. ह्या बोर्डाने भुयारी गटारांचे प्रचंड काम तडीस नेले ही गोष्ट खरी. तथापि पुढे जमिनींच्या व्यवहारात लाचलुचपत झाल्याचा बोभाटा होऊन १८८८ मध्ये त्याची सरकारी चौकशी झाली. त्याच वर्षी पार्लमेंटने स्थानिक कारभाराचा नवा कायदा केला आणि त्यातून लंडन काउंटी कौन्सिलचा जन्म झाला. येथे मुंबईकर वाचकांस एक गोष्ट ऐकून थोडी मौज वाटेल. मुंबईच्या करदात्यांनी आपले प्रतिनिधी १८७३ मध्येच निवडले होते. १८७२ च्या कायद्याप्रमाणे कॉर्पोरेशनच्या ६४ सभासदांपैकी निम्मे सभासद करदात्यांच्या मतांनी येत. म्हणजे ज्या राजधानीतून आमच्यावर राज्य चालत होते तिच्या नागरिकांस जे मिळावयास १८८९ साल उजाडावे लागले, त्याचा अर्धा वाटा का होईना, मुंबईस सोळा वर्षे आधी मिळाला होता!

आता ह्या पहिल्या निवडणुकीची व्यवस्था पाहू. पार्लमेंटसाठी लंडनचे जे मतदारसंघ होते तेच कौन्सिलसाठी घेण्यात आले. प्रत्येक मतदारसंघास दोन जागा आणि जुन्या सिटीस चार, अशा मिळून ११८ जागा झाल्या. ह्या ११८ जणांनी आणखी १९ ज्येष्ठ सभासद स्वतः निवडून घ्यावयाचे. त्यांस एल्डरमन म्हणत. मुदत तीन वर्षांची. मतदानाचा दिवस १७ जानेवारी १८८९ हा होता.

मत घेण्याची रीत १८७२ च्या बॅलट कायद्याने ठरून गेलेली होती. त्यापूर्वी पार्लमेंटच्या निवडणुकीत मतदाराने उघड्या व्यासपीठासमोर उभे राहून आपले मत तोंडाने सांगावयाचे असे. नगरसभांच्या निवडणुकीत त्याने कागदावर उमेदवारांची नावे लिहून खाली स्वतःची सही करावयाची असे. दोन्ही प्रकारांत जमीनदारास आपल्या कुळाचे आणि मालकास आपल्या मजुराचे मत कळत असे, व त्याचा जो परिणाम व्हावयाचा तो होत असे. बॅलट कायद्याने हे सारे बदलले. उमेदवारांची नावे छापलेल्या मतपत्रिकेवर आली. मतदाराने आडोशास जाऊन नावासमोर फुली मारावयाची, पत्रिका घडी करून पेटीत टाकावयाची. पेटी मतदानापूर्वी रिकामी असल्याचे सर्वांस दाखवून कुलूप लावून मोहोरबंद करावयाची. गुप्त मतदानाची ही रीत इंग्लंडने ऑस्ट्रेलियातील वसाहतींपासून उचलली. तेथे ती १८५६ पासूनच चालू होती. इंग्लंडातील पहिली अशी निवडणूक ऑगस्ट १८७२ मध्ये पॉन्टिफ्रॅक्ट गावी झाली. ते गाव ज्येष्ठमधाच्या वड्यांबद्दल प्रसिद्ध. तेव्हा मतपेटीच्या लाखेवर ठसा उमटविला तोही त्या वड्यांच्या कारखान्यातील शिक्क्याचा! नव्या व्यवस्थेस अशी घरगुती सुरुवात मिळाली.

उमेदवारीच्या अर्जाचीही रीत ठरलेली होती. एक सूचक, एक अनुमोदक आणि आणखी आठ मतदारांची संमती, एवढ्या सह्या असल्या म्हणजे अर्ज पुरा होई. मतदार कोण, तर शहरात घर धरून कर भरणारा. ह्या ठिकाणी आमच्या कथेचा धागा सुरू होतो. १८३५ च्या नगरसभा कायद्याने मतदार हा पुरुषच असला पाहिजे असे म्हटले होते. १८६९ मध्ये जेकब ब्राइट ह्या उदारमतवादी सभासदाने सुचविलेली दुरुस्ती पार्लमेंटने मंजूर केली, आणि कर भरणाऱ्या स्त्रियांस नगरसभेच्या निवडणुकीत मत मिळाले. तीनच वर्षांनी न्यायालयाने ठरविले की हे मत फक्त अविवाहित स्त्रिया व विधवा ह्यांचे. नवरा असलेल्या बाईचे अस्तित्व कायद्याच्या दृष्टीने नवऱ्यात विलीन झालेले असते. असो. कुमारिकांचे व विधवांचे का होईना, मत होते. आणि १८८८ च्या कायद्याने तेच मतदार काउंटी कौन्सिलसाठीही मान्य केले.

मग त्या मतदार स्त्रियांनी उमेदवार का होऊ नये? कायद्यात स्पष्ट परवानगी नव्हती, तशी स्पष्ट मनाईही नव्हती. पूर्वीची उदाहरणे तर उत्साह देणारीच होती. १८७० मध्ये शाळामंडळे स्थापन झाली तेव्हा त्यांवर स्त्रियांस निवडून येता येत असे. आणि लंडनच्या पहिल्याच शाळामंडळाच्या निवडणुकीत मॅरिलबोन विभागात डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट ह्यांस ४७,८५८ मते पडली. त्यांच्या खाली दुसऱ्या क्रमांकावर राहिले ते कोण, तर सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ हक्स्ली! गरिबांच्या मदतीचे काम पाहणाऱ्या मंडळांवरही १८७५ पासून स्त्रिया येऊ लागल्या होत्या. तेव्हा १८८८ च्या अखेरीस काही कर्त्या स्त्रियांनी समिती स्थापन करून उमेदवार शोधावयास प्रारंभ केला, आणि दोघी उभ्या राहिल्या. ब्रिक्स्टनमधून लेडी सँडहर्स्ट आणि पूर्व लंडनमधील बो व ब्रॉम्ली ह्या कष्टकऱ्यांच्या वस्तीतून मिस जेन कॉब्डन.

दोन्ही नावे आमच्या वाचकांस अगदीच परकी नाहीत. मिस कॉब्डन ह्या रिचर्ड कॉब्डन ह्यांच्या कन्या. धान्यावरील जकात उठविण्यासाठी त्या गृहस्थांनी केलेली चळवळ अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून आमच्याकडील कित्येक पिढ्यांनी वाचली आहे. मिस कॉब्डन ह्यांच्या निवडणुकीची व्यवस्था पाहणारा तरुण म्हणजे पुढे मजूर पक्षाचे नेते झालेले जॉर्ज लान्सबरी. लेडी सँडहर्स्ट ह्यांचा तर महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध. त्यांचे यजमान सर विल्यम मॅन्सफील्ड हे १८६० ते १८६५ पर्यंत मुंबईच्या व पुढे साऱ्या हिंदुस्थानच्या फौजेचे सेनापती होते. आणि त्यांचे चिरंजीव लॉर्ड सँडहर्स्ट १८९५ ते १९०० पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. प्लेगचा कहर, पुण्यातील घरझडत्या, जून १८९७ मधील रँडचा वध, त्यानंतरचा लोकमान्यांवरील राजद्रोहाचा खटला, हे सारे ह्याच गव्हर्नरसाहेबांच्या कारकिर्दीतले. सँडहर्स्ट रोड हे नाव मुंबईकरांच्या तोंडी बसले तेही त्यांच्यामुळेच. ज्या घराण्याचे नाव आमच्याकडे सक्तीच्या कारभाराशी जोडले गेले, त्याच घराण्यातील वृद्ध माता लोकांच्या मताने नगरसभेत बसण्याचा हक्क मागत न्यायालयाच्या पायऱ्या चढली होती, ही विसंगती इतिहासाच्या स्वभावास धरूनच आहे.

मतमोजणी झाली आणि दोन्ही स्त्रिया निवडून आल्या. कौन्सिलने पुढे मिस एमा कॉन्स ह्या समाजसेविकेस एल्डरमन निवडले आणि तिघी झाल्या. परंतु ब्रिक्स्टनमध्ये लेडी सँडहर्स्ट ह्यांच्या खाली राहिलेले पराभूत उमेदवार मिस्टर बेरेसफर्ड होप ह्यांनी न्यायालयात अर्ज केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: स्त्री ही सभासद होण्यास अपात्र आहे, सबब तिला पडलेली मते व्यर्थ धरावी आणि ती जागा आपणांस मिळावी.

ह्या दाव्यातील वाद कायद्याच्या एका कलमाभोवती फिरला. १८८२ च्या नगरसभा कायद्याच्या ६३ व्या कलमात असे होते की, मत देण्याच्या हक्कापुरते पाहता ह्या कायद्यातील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश समजावा. १८६९ मध्ये स्त्रियांच्या हितासाठी मिळविलेली सवलत ती हीच. लेडी सँडहर्स्ट ह्यांच्या वकिलांनी सांगितले की १८५० पासूनच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे कायद्यातील पुल्लिंगी शब्द स्त्रियांसही लागू पडतात, उलट काही स्पष्ट म्हटले नसले म्हणजे झाले; तेव्हा सभासद ह्या शब्दातही स्त्री आलीच. न्यायाधीशांनी हेच कलम उलटे फिरविले. पार्लमेंटने स्त्रियांचा समावेश मतापुरता मुद्दाम सांगितला, त्या अर्थी मतापलीकडच्या बाबतीत तो नाही, असे त्यांचे अनुमान. मे १८८९ मध्ये अपिलाच्या न्यायालयानेही हाच निर्णय कायम केला. ज्या ओळीने स्त्रीच्या हाती मतपत्रिका दिली, त्याच ओळीने त्या पत्रिकेवरचे तिचे नाव खोडून टाकले!

निकालाचा दुसरा भाग आम्हांस अधिक विचार करावयास लावतो. निवडून आलेला उमेदवार अपात्र ठरला तर सामान्यतः पुन्हा निवडणूक व्हावी. परंतु जुन्या इंग्रजी न्यायतत्त्वाप्रमाणे, ज्या वस्तुस्थितीमुळे उमेदवार अपात्र ठरतो ती मतदारांस आधीच ठाऊक असेल, तर त्यांनी आपली मते जाणूनबुजून वाया घालविली असे समजतात. लेडी सँडहर्स्ट ह्या स्त्री आहेत ही गोष्ट ब्रिक्स्टनच्या कोणत्या मतदारास ठाऊक नव्हती? तेव्हा त्यांची मते वाया गेली असे मानून, त्यांनी नाकारलेल्या गृहस्थांस सभासद म्हणून बसविण्यात आले. मतदारयादी बरोबर होती, पेटी मोहोरबंद होती, मत गुप्त होते, मोजणीत एका मताचीही चूक नव्हती; आणि तरीही अखेरीस मतदारांनी ज्यास निवडले नाही तो निवडला गेला. मतदानाची व्यवस्था निर्दोष असली म्हणजे निवडणूक खरी होतेच असे नाही, ह्याचे ह्याहून ढळढळीत उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही.

मिस कॉब्डन ह्यांची कथा ह्याहून विलक्षण. त्यांच्या खाली राहिलेले उमेदवार त्यांच्याच पक्षाच्या विचारांचे असल्यामुळे त्यांनी दावा लावला नाही. आणि १८८२ च्या कायद्यात आणखी एक कलम असे होते की निवडणुकीस बारा महिन्यांच्या आत कोणी हरकत घेतली नाही तर ती निवडणूक सर्वथा कायदेशीर समजावी. तेव्हा मिस कॉब्डन ह्यांनी वर्षभर मौन धरले. सभागृहात जाऊन मत दिले तर हरकतीस निमित्त मिळेल, म्हणून त्या दूर राहिल्या, आणि मुदत उलटताच फेब्रुवारी १८९० मध्ये सभेस येऊन त्यांनी कामास सुरुवात केली. परंतु कौन्सिलातील एक सभासद सर वॉल्टर डी सूझा ह्यांनी त्यांच्यावर फिर्याद केली. न्यायालयाने दिलेला निर्णय वाचून हसावे की रडावे हे कळेनासे होते. निवडणूक कायदेशीर, कारण वर्ष उलटले. परंतु सभासद म्हणून दिलेली मते बेकायदेशीर, कारण सभासद स्त्री! त्यांस २५० पौंड दंड झाला. १८९१ मध्ये अपिलात तो नाममात्र ५ पौंडांवर आला, पण तत्त्व कायमच राहिले. ह्यापुढे मिस कॉब्डन ह्यांस जागा सोडण्याचेही कारण नव्हते आणि मत देण्याचीही सोय नव्हती. मुदत संपेपर्यंत, म्हणजे १८९२ पर्यंत, त्या आपल्या खुर्चीवर मुक्या सभासद होऊन राहिल्या.

कायदा दुरुस्त करण्याचे यत्न पार्लमेंटात वारंवार झाले. १८९४ मध्ये खेड्यांच्या व लहान विभागांच्या मंडळांचे दार उघडले. लंडनमधील स्थानिक मंडळांवरही त्या कायद्याने स्त्रिया येऊ लागल्या. परंतु १८९९ च्या कायद्याने ही मंडळे मोडून त्यांच्या जागी महानगरातील नव्या नगरसभा केल्या, तेव्हा त्यांतून स्त्रियांस पुन्हा वगळण्यात आले. मिळालेला हक्क मिळालेलाच राहतो असे समजणाऱ्या भोळ्या लोकांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. १९०७ मध्ये अखेर नगरसभा व काउंटी कौन्सिले स्त्रियांस खुली झाली, आणि १९१० मध्ये लंडनच्या कौन्सिलात पुन्हा दोन स्त्रिया निवडून आल्या. लेडी सँडहर्स्ट ते पाहण्यास हयात नव्हत्या. १८९२ मध्येच त्यांचे देहावसान झाले होते.

ह्या कथेला एक उलटा शेवटही आहे. १९१८ मध्ये इंग्लंडात स्त्रियांस पार्लमेंटचे मत मिळाले, परंतु वयाची तीस वर्षे पुरी झालेल्यांस. त्याच वर्षी दुसरा कायदा होऊन एकवीस वर्षांच्या स्त्रीस पार्लमेंटसाठी उमेदवार होण्याची मोकळीक मिळाली. म्हणजे पंचवीस वर्षांच्या तरुणीस लोकांकडे मत मागता येत होते, पण स्वतःचे मत देता येत नव्हते! १९२८ मध्ये ही विसंगती दूर झाली. १८८९ मध्ये मत देणारी मत मागू शकत नव्हती. १९१८ मध्ये मत मागणारी मत देऊ शकत नव्हती. हे दोन हक्क वेगळे आहेत आणि त्यांच्या किल्ल्या निरनिराळ्या खिशांत असू शकतात, हेच ह्यावरून दिसते.

आपल्याकडेही तसेच घडले. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळासाठी १९२१ मध्ये स्त्रियांस मत मिळाले. त्या मंडळासाठी उभे राहण्याचा त्यांचा मार्ग १९२६ पर्यंत मोकळा झाला नव्हता. मुंबई कॉर्पोरेशनमध्ये मात्र १९२० नंतरच्या दशकातच सरोजिनी नायडू, अवंतिकाबाई गोखले ह्यांसारख्या स्त्रिया निवडून आल्या, आणि १९५६ मध्ये सुलोचना मोदी ह्या मुंबईच्या महापौर झाल्या. स्वतंत्र भारताच्या घटनेने मत देण्याच्या व मागण्याच्या बाबतीत स्त्रीपुरुषभेदच ठेवला नाही. आणि १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी ग्रामपंचायतींपासून महानगरपालिकांपर्यंत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. लंडनच्या न्यायाधीशांनी जे दार लावून घेतले होते ते आपण कायद्याने सताड उघडून ठेवले, ह्याचा अभिमान बाळगावयास हरकत नाही.

तथापि मतदान केंद्रावर बसलेल्या मनुष्याच्या नजरेस काही गोष्टी पडल्यावाचून राहत नाहीत. उमेदवार म्हणून बाईंचे नाव असते. केंद्राबाहेर हात जोडून उभे असतात ते त्यांचे यजमान. निवडून आल्यावर सभेच्या नोंदवहीत सही बाईंची, आणि ठरावाचा मजकूर सांगणारे कोणी दुसरेच. साऱ्याच ठिकाणी असे होते असे आम्ही म्हणत नाही. उत्तम कारभार करणाऱ्या कितीतरी सरपंच व नगरसेविका ह्याच राखीव जागांतून पुढे आल्या आहेत. परंतु जेथे तसे होते तेथे आम्हांस मिस कॉब्डन ह्यांची ती मुकी खुर्ची आठवते. त्यांस बोलावयाचे होते आणि कायद्याने त्यांचे तोंड धरले होते. आपल्या येथील बाईचे तोंड कायद्याने मोकळे केले आहे. ते धरून ठेवणारा हात घरातला आहे. दोहोंत अपमान व्हावयाचा तो मतदाराचाच, कारण त्याने ज्यास निवडले तो सभेत बोलत नाही आणि जो बोलतो त्यास त्याने निवडलेले नसते.

निवडणुकीच्या व्यवस्थेत म्हणून तीन दारे आहेत असे आम्हांस वाटते. पहिले उमेदवारीचे, दुसरे मतपेटीचे, तिसरे सभागृहाचे. आपले सारे लक्ष दुसऱ्या दारावर असते. पेटी कशी मोहोरबंद होते, शाई किती टिकते, मोजणी कोण करतो. ते असावेच. परंतु पहिल्या व तिसऱ्या दारावर कोण उभे आहे हेही मधून मधून पाहिले पाहिजे. ब्रिक्स्टनच्या मतदारांनी १८८९ मध्ये आपले काम चोख केले होते. त्यांचे मत हरवले ते पेटीत नव्हे. पुढच्या निवडणुकीत वर्गातील मुले प्रथमच मत द्यावयास जातील तेव्हा त्यांनी यादीतील आपले नाव जरूर पाहावे. पण त्याबरोबरच आपण ज्या बाईंस मत देणार त्या सभेत स्वतः बोलणार आहेत की नाही, हेही त्यांनी खुशाल त्यांनाच विचारावे. उत्तर यजमानांकडून आले तर काय समजावयाचे हे त्यांस सांगण्याची गरज पडू नये.